ॲग्रीच्या डिग्रीत ॲनिमल सायन्स: पाठ करून भागतं की समजून घ्यावं लागतं?

कोवळी_वैरण

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा आहे, विभाग चुकला असेल तर ॲडमिनने हलवावा.

कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माती, पिकं, कीड-रोग इथपर्यंत गाडी बरी चालली होती, आता पशुविज्ञानाचा पेपर लागलाय आणि पुढे ऐच्छिक विषय निवडताना हाच धरावा असं मनात येतंय, पण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. सीनियर म्हणतात एकदम सोपा पेपर, जातींची नावं, गाभण काळ आणि लसीकरणाचा तक्ता पाठ कर, मार्क घे आणि विसरून जा. मैत्रीण म्हणते व्हेटरनरीला न जाता जनावरांचा अभ्यास करून काय मिळणार, ना धड डॉक्टर ना धड शेतीवाले. आणि मॅडमनी सुरुवातीलाच फळ्यावर एक चौकोन काढून मका आणि सोयापेंडीचे आकडे तिरपे वजा केले ते अर्ध्या वर्गाच्या डोक्यावरून गेलं, माझ्याही.

तर हा विषय मुळात आहे कशाचा, गणित कितपत लागतं, घरी कधी जनावर नव्हतं तर प्रॅक्टिकलला अडतं का, आणि समजून करायचा तर सुरुवात कुठून करू? मोठ्या जनावरांची भीती वाटते हेही सांगून ठेवते, हसू नका.

सतत_भुकेला

हसलो नाही. चारशे-पाचशे किलोच्या प्राण्याची भीती वाटणं हे बुद्धी शाबूत असल्याचं लक्षण आहे. बाकी जाणकार येतीलच, मी खुर्ची टाकून बसलोय.

गव्हाण

मैत्रिणीच्या प्रश्नापासून सुरू करतो, सगळा घोळ तिथेच आहे. पशुवैद्यकाचा मुख्य भर आजार ओळखणं आणि बरा करणं यावर. पशुविज्ञानाचा भर धडधाकट जनावर काय खातं, त्यातलं किती त्याच्या अंगी लागतं, किती दुधात, मांसात, अंड्यात उतरतं आणि किती शेणातून, मुतातून आणि ढेकरेतून निघून जातं यावर. दोन्हीकडे शरीररचना आहे, दोन्हीकडे आहार आहे, पण प्रश्न वेगळे आहेत. तो अर्धा डॉक्टर नाही आणि होऊही नये.

आता माझं मत. या विषयाचा निम्म्याहून जास्त जीव चाऱ्यात आहे, आणि तुम्ही पिकांकडून येताय म्हणजे तुम्हाला हे सोपं जायला पाहिजे. गवतातलं सेल्युलोज माणसाला पचत नाही, कोंबडीला जवळपास नाहीच, आणि गंमत म्हणजे गाईलाही पचत नाही, तिच्या स्वतःच्या शरीरात ते फोडणारं विकर तयारच होत नाही. ते काम कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यातले, जिवाणू, प्रोटोझोआ आणि बुरश्या करतात. मोठ्या गाईचं कोठीपोट शंभर लिटरच्या वरचं, आत ऑक्सिजन जवळपास नाही, तापमान ३९ अंशांच्या आसपास, आणि वरून दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ येत राहते जी आतली आम्लता ताब्यात ठेवते. जिवाणू वैरण आंबवतात, त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लं निघतात, ती कोठीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात जातात आणि गाईची बहुतेक ऊर्जा या आम्लांतून येते. पुढे ते जिवाणूच पोटाच्या शेवटच्या कप्प्यात आणि लहान आतड्यात जाऊन पचतात आणि तिचं बरंचसं प्रोटीन होतात. म्हणजे आपण गाईला नाही, तिच्या जिवाणूंना खायला घालतो आणि गाय जिवाणूंवर जगते. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं पुस्तक आपोआप उलगडतं. ॲसेटिकपासून दुधातलं फॅट, प्रोपिऑनिकपासून यकृतात ग्लुकोज आणि त्यातून दुधातलं लॅक्टोज. मग वैरण तोडून खुराक वाढवला की फॅट का पडतं हे पाठ करावं लागत नाही. चघळणं कमी, लाळ कमी, सामू घसरतो, तंतू फोडणारे जिवाणू मागे पडतात. फारच घसरला की ॲसिडोसिस, म्हणजे पोटात आम्ल साचणं, गाय खाणं सोडते, पुढे खुरं दुखायला लागतात.

सीनियर्सना विचारा फॅट का पडतं. जातींच्या यादीत हे उत्तर नाही.

रेघोट्या

गव्हाण यांच्याशी निम्मा सहमत. चारा महत्त्वाचा आहेच, पण चाऱ्याने मिळालेला फायदा चारा थांबला की थांबतो. पैदाशीत मिळवलेलं पुढच्या पिढीत उतरतं. माझ्या मते या विषयाचं खरं डोकं तिथे आहे, आणि वर्गात नेमका हाच भाग 'संकर म्हणजे काय, फायदे लिहा' इतक्यावर उरकतात.

तुम्ही पिकांची पैदास शिकलाय ना? तिथे हजार रोपं लावून दहा ठेवायची चैन असते. गाय साधारणपणे एका वेतात एकच वासरू देते, तेही नऊ महिने वाट बघून, आणि त्यातली निम्मी नर. म्हणून इथलं गणित काटकसरीचं आहे. दरवर्षी किती आनुवंशिक प्रगती होईल ते चार गोष्टींवर ठरतं, किती कडक निवड केली, निवड किती अचूक, कळपात आनुवंशिक फरक किती, आणि पिढ्यांमधलं अंतर किती, पहिल्या तिन्हींचा गुणाकार भागिले चौथं. आता यात वळूची गंमत बघा, त्याला दूध नसतं! मग त्याची किंमत कशी ठरवणार? त्याच्या मुली जन्मायच्या, वाढायच्या, व्यायच्या, त्यांचं दूध मोजायचं, तोवर वळू पाच-सहा वर्षांचा झालेला असतो. अचूकता मिळाली पण पिढीचं अंतर लांबलं. २००१ मध्ये म्यूविसन, हेज आणि गोडार्ड यांनी मांडलं की सगळ्या जीनोमभर, म्हणजे जनावराच्या सगळ्या डीएनएभर, पसरलेल्या खुणांवरून जनावराची पैदासक्षमता कोवळ्या वयातच आजमावता येईल, आणि पुढच्या दहाएक वर्षांत दुधाळ गाईंची पैदास त्या वाटेने गेलीसुद्धा. वासराच्या केसांवरून किंवा कानाच्या बारीकशा तुकड्यावरून अंदाज बांधतात आता.

आनुवंशिकतेचे आकडे मात्र लक्षात ठेवा, म्हणजे जनावराजनावरांतल्या फरकातला किती वाटा आनुवंशिक आहे ते, ० ते १ मध्ये. दुधाचं प्रमाण साधारण ०.२५ ते ०.३, फॅटची टक्केवारी त्याहून बरीच जास्त, आणि गाभण राहण्याशी निगडित गुण ०.१ च्याही खाली. म्हणजे गाय गाभण राहत नाही तर आधी वळू बदलायच्या मागे लागू नका, आधी तिचं खाणं, माज ओळखणं आणि गोठा बघा. (झालं, फिरून चाऱ्यावरच आलो, गव्हाण खूश होतील.)

गव्हाण

झालो.

कोवळी_वैरण

बाप रे, इतक्या सविस्तर उत्तरांची अपेक्षाच नव्हती, धन्यवाद दोघांनाही. तो चौकोन कुणीतरी समजावा ना प्लीज, वहीत उतरवलाय पण तिरपं वजा का करायचं ते कळत नाहीये.

गव्हाण

त्याला पिअर्सन स्क्वेअर म्हणतात. मक्यात प्रोटीन साधारण ९ टक्के, सोयापेंडीत ४५ टक्के धरू, आणि आपल्याला मिश्रण हवंय १८ टक्क्यांचं. चौकोनाच्या मधोमध १८, डावीकडे वर ९, खाली ४५. तिरपं वजा केलं की मक्यासमोर ४५ वजा १८ म्हणजे २७ भाग येतात आणि सोयापेंडीसमोर १८ वजा ९ म्हणजे ९ भाग. एकूण ३६. म्हणजे मका ७५ टक्के, पेंड २५ टक्के. ताळा करून बघा, पाऊण भाग मक्यातून ६.७५ आणि पाव भाग पेंडीतून ११.२५, बेरीज १८. तिरपं का, तर मका १८ च्या जवळ आहे म्हणून तो जास्त लागणार, आणि पेंड लांब आहे म्हणून कमी. जो जवळ त्याला दुसऱ्याचं अंतर. एक अट, हवा असलेला आकडा दोन्हींच्या मध्ये असला पाहिजे, १८ च्या जागी ५० मागितलं तर उत्तर येईल पण त्याला काही अर्थ नसेल, आणि परीक्षेत हे मुद्दाम विचारतात.

गणित एवढंच, आठवी-नववीचं. फसगत होते ती ड्राय मॅटरवर, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून उरतं त्यावर. ५०० किलोच्या दुभत्या गाईला वजनाच्या ३ टक्के ड्राय मॅटर धरला तर १५ किलो. त्यातला १० किलो हिरव्या चाऱ्यातून द्यायचा ठरवला आणि चाऱ्यात ८० टक्के पाणी असेल तर गव्हाणीत ५० किलो चारा टाकावा लागतो. पोरं पेपरात सरळ १० किलो हिरवा चारा लिहून मोकळी होतात. गाय उपाशी.

आणि 'क्रूड प्रोटीन'वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. १८८३ मध्ये केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने जी पद्धत काढली तिच्यात प्रोटीन मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात, कारण प्रोटीनमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणून ज्यात प्रोटीनचा कणही नाही त्या युरियाचं क्रूड प्रोटीन २८० टक्क्यांच्या वर निघतं! रवंथ करणाऱ्या जनावराचे जिवाणू थोडा युरिया वापरू शकतात, कोंबडी नाही, आणि प्रमाण चुकलं तर अमोनियाने गायही मरते.

आडवाटेचा_वैद्य

मी पशुवैद्य आहे, त्यामुळे या बाजूने दोन शब्द. ॲग्री केलेली काही मुलं खिशात सिरिंज घेऊन फिरायला लागतात, त्याचा मला मनापासून राग येतो. इंजेक्शन देता येणं म्हणजे उपचार येणं नव्हे. अँटिबायोटिक दिल्यावर ठरावीक दिवस दूध विकायचं नसतं, मांसासाठीही मुदत असते, ते कोण पाळणार? डोस अर्धवट सोडला तर प्रतिकार वाढतो तो वेगळाच.

पण उलट बाजूही सांगतो. निम्मे आजार मला बोलावायच्या आधी गोठ्यातच थांबवता आले असते, आणि ते थांबवणारा माणूस पशुविज्ञान शिकलेलाच असतो. चिकाचंच बघा. गाईच्या वारेतून वासराकडे प्रतिपिंडं जातच नाहीत, वासरू जवळजवळ कोरं जन्मतं, आणि त्याच्या आतड्यातून ती शोषली जाण्याची सोय पहिले काही तास उत्तम असते, चोवीस तासांत जवळपास बंद होते. म्हणून जन्मल्यावर लवकरात लवकर वजनाच्या दहाएक टक्के चीक पोटात गेला पाहिजे. 'वार पडल्यावर पाजू' म्हणून वाट बघत बसलं की वासराचा तोटाच. यात औषध कुठेच नाही.

दुग्धज्वराचंही तसंच. व्यायल्यावर गाय बसते, रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं, म्हणून लोक व्यायच्या आधीच्या आठवड्यांत कॅल्शियम भरभरून देतात आणि धोका वाढवून ठेवतात. बाहेरून भरपूर येत असलं की हाडातून काढायची यंत्रणा सुस्तावते आणि ऐन गरजेला जागी होत नाही. हे ज्याला कळतं त्याने आधीच आहार बेतावा, मला रात्री उठवू नये.

रेघोट्या

+१. सिरिंजवाल्यांबद्दल तर +१००.

मृद्गंध

माझा विषय माती, तरी बोलतो. धागाकर्तीने हा पेपर पिकांपासून वेगळा धरलाय, तो तसा नाही. चारापीक कधी कापायचं हा प्रश्न घ्या. उशिरा कापलं तर एकरी वजन वाढतं पण लिग्निन, म्हणजे न पचणारा लाकडासारखा भाग, वाढतं आणि पचनीयता पडते, लवकर कापलं तर पचतं छान पण वजन कमी. ज्वारीचा फुटवा कोवळा आणि त्यातून पाण्याचा ताण पडलेला असेल तर त्यात सायनाइड सोडणारं द्रव्य जास्त असतं, जनावर काही मिनिटांत आडवं होऊ शकतं. ओलं लसूणघास उपाशी पोटी भरपूर खाल्लं की पोटफुगी, कारण त्यातल्या विरघळणाऱ्या प्रोटीनचा फेस होतो आणि गॅस त्यात अडकतो, ढेकर निघत नाही. मुरघास का टिकतो, तर हवा काढली की लॅक्टिक आम्लाचे जिवाणू सामू चारच्या आसपास नेतात. हे सगळं पीक आहे की पशू? दोन्ही. आणि जे पचलं नाही ते शेणातून परत माझ्याकडेच येतं.

नको_ते_सांगणारी

सगळे इतकं गोड बोलताहेत म्हणून हे मी सांगते. ऐच्छिक म्हणून घ्यायच्या आधी स्वतःला विचार, जनावर हे उत्पादन करणारं म्हणून बघणं तुला जमणार आहे का? दुभत्या कळपात निम्मी वासरं नर जन्मतात, त्यांचं काय होतं? अंड्यांच्या जातीतल्या नर पिल्लांचं काय होतं? कमी देणारं जनावर कळपातून काढायचं हा धड्यातला एक परिच्छेद असतो, गोठ्यात तो निर्णय असतो. मांस तंत्रज्ञानाचं प्रॅक्टिकल असेल तर कत्तलीची प्रक्रिया बघावी लागेल. मला ते जड गेलं, काहींना गेलं नाही, यात कुणी भित्रं किंवा कुणी निष्ठूर असं नाही.

पण याच कारणासाठी ॲनिमल वेल्फेअरचा धडा ऑप्शनला टाकू नकोस. ब्रिटनमध्ये १९६५ साली पाळीव जनावरांच्या हालांबद्दल नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने म्हटलं की जनावराला निदान उभं राहता यावं, बसता यावं, वळता यावं, अंग चाटता यावं आणि पाय ताणता यावेत. किमान काय असतं बघ! त्यातूनच पुढे पाच स्वातंत्र्यं आली, भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-आजार आणि भीती यांच्यापासून मुक्तता, आणि पाचवं म्हणजे नैसर्गिक वागणं वागता येणं. मुलं पहिली चार लिहितात आणि पाचवं विसरतात, खरी भांडणं मात्र त्याच पाचव्यावर असतात.

सतत_भुकेला

हे वाचून जरा गप्प झालो. पण बरोबर आहे.

कोवळी_वैरण

ताई, थँक्स, हे कुणी बोललंच नव्हतं. विचार करतेय खरंच. अजून ठरलं नाही. आणि भीतीचं काय करू? गुरुवारी फार्मवर जायचंय, गाय हलवायची आहे म्हणे एका कप्प्यातून दुसऱ्यात.

चरवी

मी रोज हेच काम करते म्हणून सांगते. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात त्यामुळे तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त बरोब्बर मागचं दिसत नाही, म्हणून मागून गुपचूप जाऊ नकोस, आधी आवाज दे. प्रत्येक जनावराभोवती एक अंतर असतं, तू त्याच्या आत आलीस की ते सरकतं, बाहेर गेलीस की थांबतं. माणसाळलेल्या गाईचं ते जवळपास शून्य, रानवट असेल तर बरंच मोठं. खांद्यापाशी तोल असतो, खांद्याच्या मागे उभी राहून आत सरकलीस तर गाय पुढे चालते, खांद्याच्या पुढे गेलीस तर मागे हटते. अमेरिकेतल्या पशुविज्ञानाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी हे फार छान समजावलंय. ओरडायचं नाही, शेपूट पिरगाळायची नाही, आणि वाटेत सावलीची रेघ किंवा लोंबणारी दोरी असली तर ती अडणार हे धरून चाल, आधी ती दोरी काढ. आणि भिंत आणि गाय यांच्या मध्ये कधीही उभी राहू नकोस. बूट बंद घाल.

जुनं_खोड

उशिरा आलो. अभ्यास कुठून सुरू करायचा ते कुणी सांगितलंच नाही. बेटा, धडे बाजूला ठेव आणि एक गाय व्यायल्यापासून परत व्यायपर्यंत कागदावर मांड. गाभण काळ २८३ दिवस, वर्षाला एक वेत हवं असेल तर ३६५ मधून २८३ गेले, उरले ८२. म्हणजे व्यायल्यावर तीन महिन्यांच्या आत ती परत गाभण राहायला हवी. आता त्याच कागदावर दुधाची रेघ काढ, ती चार ते आठ आठवड्यांत शिखरावर जाते. खाण्याची रेघ काढ, ती त्यानंतर काही आठवड्यांनी शिखरावर पोचते. दोन्हींच्या मधल्या काळात गाय देते जास्त, खाते कमी, अंगावरची चरबी जाळते. तिसरी रेघ शरीरस्थितीच्या गुणांची, म्हणजे गाय किती रोड किंवा लठ्ठ ते, १ ते ५ च्या पट्टीवरची, ती इथे खाली येते. चरबी फार वेगाने जळली की किटोसिस, म्हणजे रक्तात किटोन साचून होणारा आजार. आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याला ती माजावर यायला हवी असते! शरीर म्हणतं आधी जगू दे. माज दर २१ दिवसांनी, तोही काही तासांचाच, सकाळी दिसला तर संध्याकाळी कृत्रिम रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, एक चुकला की तीन आठवडे गेले. दूध ३०५ दिवस धरलं तर शेवटी साठ दिवस भाकड, कास परत तयार व्हायला, आणि त्याच काळात वैद्यबुवांनी सांगितलेलं ते कॅल्शियम.

आहार, प्रजनन, दूध, आजार, सगळं त्या एका कागदावर येतं. पैदासही येते, कारण नुसत्या दुधासाठी निवड करत गेलं की ती मधली दरी रुंदावत जाते आणि गाभण राहणं अवघड होतं, होल्स्टीन या दुधाळ जातीत हे झालेलं आहे. शेळी, म्हैस, डुक्कर यांचे आकडे बदलतात, कागद तोच. कोंबडी मात्र वेगळ्या कागदावर घे.

रेघोट्या

काका, हा प्रतिसाद वर पिन करा. वाचनखूण साठवली.

कोवळी_वैरण

काका खूप आभार, आजच मोठा कागद आणते. एक शंका, गुरुवारी फार्मवर कुठली गाय निवडू आणि काय काय लिहून घेऊ? आणि व्हायव्हासाठी गाभण काळ पाठ करायचेच ना शेवटी?

सतत_भुकेला

ते करावेच लागतील. डुकरिणीचा माझ्यासारख्याच्याही लक्षात राहिलाय, ३ महिने ३ आठवडे ३ दिवस, ११४. शेळी १५०, म्हैस ३१० च्या आसपास. कोंबडीची अंडी २१ दिवस.

जुनं_खोड

नुकती व्यायलेली, साधारण महिनाभराची, अशी एक निवड, आणि तुलनेला एक भाकड. रजिस्टरमधून व्यायल्याची तारीख, वेत कितवं, रोजचं दूध, शेवटचं रेतन कधी ते उतरवून घे. छातीचा घेर मोजायला टेप ने, वजनकाटा नसला तरी घेरावरून वजनाचा अंदाज काढता येतो. गव्हाणीत काय पडलंय आणि दुसऱ्या दिवशी काय उरतं तेही विचार, बहुतेक ठिकाणी उरलेलं कुणी तोलत नाही. शेणाकडे बघ, त्यात अख्खे दाणे दिसले तर लिही. आणि दुपारी बसलेल्या गाई मोज, त्यातल्या किती रवंथ करताहेत ते बघ, निम्म्याहून बऱ्याच कमी असतील तर मॅडमना वैरणीबद्दल विचार.